मिशी कुणासाठी उतरवायची

खव्याचा वास आला की मथुराबाई वाट बदलते. ईट गावाच्या बाजूला राहून खव्याची किळस धरायची म्हणजे सोपं काम नाही. इकडं वस्तीवस्तीवर भट्ट्या. बारशाला पेढा, साखरपुड्याला पेढा, पोरगं पास झालं तरी पेढा आणि कसंबसं सुटलं तरी पेढाच. पण मथुराबाईनं कित्येक वर्षांत खव्याचा कण जिभेवर ठेवलेला नाही. देवळात कुणी हातावर पेढा ठेवलाच तर ती तो पुढच्या लेकराला देऊन टाकते आणि हात पदराला पुसत राहते. लोकांना वाटतं, म्हातारीला शुगर असंल. शुगर कशाची डोंबलाची! तिला त्या खव्यामागचा माणूस आठवतो.

तो माणूस म्हणजे बलभीम, तिचा पहिला नवरा. नुकताच वारला. आता वारला तर वारला, माणसानं गप पडून राहावं की नाही? पण नाही. दुसऱ्याच दिवशी चौकात त्याचा हा भलामोठा फ्लेक्स लागला. कोट घातलेला बलभीम, मागं कढई, कढईतून वाफ, आणि खाली लालभडक अक्षरांत ‘फादर ऑफ खवा’. त्याखाली ‘खवा उद्योगाचे जनक, गावाचे पितृतुल्य छत्र हरपले’. श्रद्धांजली वाहणाऱ्या पोरांचे गॉगल घातलेले फोटो मेलेल्याच्या फोटोपेक्षा थोडेच लहान होते.

मथुराबाई गिरणीतून दळण घेऊन निघाली होती. सोबत नात अर्पिता. पोरगी सातवीला आहे, इंग्रजी शाळेत जाते, दिसंल ते वाचत सुटते. तिनं फ्लेक्स मोठ्यानं वाचला आणि म्हणाली, “आजी, खव्याचे फादर कसे असतील गं कुणी?”

“असतेत काही काही,” मथुराबाई डोक्यावरचा डबा सावरत म्हणाली. “खव्याचा बाप व्हता येतं. पोराचा व्हायला जरा अवघड जातं. चल, ऊन लागतंय.”

पण पोरगी कसली गप बसते! घरी आल्या आल्या तिनं बापाचा मोबाईल घेतला आणि शब्दाचे अर्थ शोधून काढले. मथुराबाई अंगणात शेळीपुढं पाला टाकत होती. ओसरीवर बाजेवर दगडोबा बसला होता, तिचा आताचा नवरा, अर्पिताचा आबा. भट्टीच्या धुरानं आणि वर मोतीबिंदूनं त्याचे डोळे गेलेत, सावल्या तेवढ्या कळतात. त्यालाही ऐकू जावं म्हणून अर्पितानं आवाज चढवला.

“ऐका. फादर म्हणजे जन्म देणारा पुरुष. एखादी गोष्ट पहिल्यांदा सुरू करणारा, तो पण फादर. पूर्वज पण फादर. चर्चमधले असतात ते पण. देव पण. आणि मुलांना सांभाळणारा माणूस, तो पण.”

“सांभाळणारा कितवा म्हणलीस?”

“शेवटी दिलाय.”

“शेवटीच आसंल बिचारा,” मथुराबाई म्हणाली. दगडोबा गालात हसला.

“आणि आजी, टू फादर असं पण म्हणतात. म्हणजे मूल जन्माला घालणं.”

“घालायचं आन् झालं? पुढं काय?”

“पुढं काही नाही लिहिलं.”

“आन् आईचं?”

अर्पितानं बोट सरकवलं. “टू मदर म्हणजे जपणं, वाढवणं, काळजी घेणं.”

मथुराबाईनं हातातला पाला शेळीच्या तोंडावरच फेकला. “शी! म्हंजी साहेबाच्या देशातबी तीच तऱ्हा. बाप्यानं घालायचं आन् बाईनं निस्तरायचं. मला वाटलं, एवढं इमानं उडवतेत, काही तरी शिकले असतील.”

तिचा राग नुसता डिक्शनरीवरचा नव्हता हो. बाईचं आयुष्यच त्यात निघालं.

मथुराबाई मूळची तेरची. लग्न होऊन ईटच्या अलीकडं बलभीमच्या वस्तीवर आली तेव्हा तिथं ना भट्टी होती ना कढई. एका पावसाळ्यात ओढ्याला पाणी येऊन रस्ता तुटला, दुधाची गाडी आली नाही. घागरी भरून दूध पडलेलं. नासून जायला नको म्हणून तिनं सासूची मोठी कढई चुलवणावर चढवली आणि ढवळत बसली. बलभीम त्या वेळी पारावर पत्ते कुटत होता. खवा झाला, बाजारात हातोहात गेला, तसा गडी छाती काढून ‘माझी भट्टी, माझी भट्टी’ करत पुढं झाला. असे हे जनक!

भट्टी वाढली तसा जाळ घालायला गडी ठेवला, तो दगडोबा. बायको बाळंतपणात गेलेली, मूलबाळ नाही, बोलणं कमी. मथुराबाई पोटुशी होती तरी लांब दांड्याचं उलथणं तिच्याच हातात असायचं. धुरानं तिला उमासे यायचे. एकदा चक्कर येऊन ती कढईच्या काठाला टेकणार तेवढ्यात दगडोबानं जळतं लाकूड टाकून तिला मागं ओढलं. त्यात त्याचे दोन्ही तळवे भाजले. बलभीमनं आधी कढईत बघितलं, खवा करपला की काय म्हणून. तो करपलेला वास मथुराबाईच्या नाकातून आजवर गेलेला नाही.

पुढं योगीराज, म्हणजे अर्पिताचा बाप, झाला, आणि तो रांगायला लागला नाही तोवर बलभीमला बार्शीकडच्या एका डेअरीवाल्याची पोरगी सांगून आली. डेअरीवाला म्हणाला, आधीचं लचांड नको. मग काय! बलभीमनं मारुतीच्या पारावर पंच जमवले आणि चारचौघांत बोट दाखवून म्हणाला, “हे पोरगं माझं न्हाय. कुनाचं हाय ते तिला आन् त्या जाळवाल्याला इचारा.”

आई गं! काय वाटलं असेल त्या बाईला. लेकरू तिच्या मांडीवर, पदर तोंडात घालून खेळतंय. तिनं एकेकाकडं बघितलं. दीर गोरोबा तिथं होता. त्यानं मान हलवली, होय म्हणून. सकाळी तिच्या हातची भाकरी खाऊन आलेला माणूस! बाकीच्यांनी जमिनीकडं बघितलं. दगडोबा भाजल्या तळव्यांचे हात जोडून कडेला उभा होता, तो म्हणाला, “मालक, देवाला तरी भ्या.” त्याच दिवशी त्याचं काम गेलं.

मथुराबाई तेरला भावाकडं गेली. भावजय वाईट नव्हती, पण सांभाळून सांभाळून कोण किती सांभाळणार? असं एक-दोन वर्षं चाललं आणि एक दिवस दगडोबा दारात आला. नारळ नाही, पाव्हणे नाहीत. पोराच्या मापाच्या चपला तेवढ्या घेऊन आला होता. भावाला म्हणाला, “बाईला इचारा. पाट लावायची माझी तयारी हाय. न्हाय म्हणल्या तरी राग न्हाय, पर पोराला अधूनमधून बघायला यिऊ द्या.”

मथुराबाई आतूनच म्हणाली, “लोकं म्हंतील, बलभीम खरं बोलला हुता.”

“म्हनू द्या. ते तसंबी म्हणतेतच.”

आणि तसंच झालं. पाट लागला, ती दगडोबाची बायको होऊन परत याच गावात आली आणि अख्ख्या गावाला उत्तर मिळालं. बघा, म्हणलं नव्हतं? पोरगं जाळवाल्याचंच! ज्याचा काडीचा दोष नव्हता त्यानं दुसऱ्याचं खोटं आपल्या अंगावर ओढून घेतलं आणि एकदाही कुणाला खुलासा दिला नाही. दिवसभर लोकांची लाकडं फोडायची, विहिरीचा गाळ काढायचा, संध्याकाळी पोराला खांद्यावर घेऊन फिरायचं. पोरगं त्याला अण्णा म्हणायचं.

अण्णा पोरावर एकदाच रुसला. योगीराज कॉलेजात असताना कुठल्या तरी हिरोचं बघून मिशी सफाचट करून आला. आमच्याकडं बाप जिवंत असताना पोरगा मिशीला वस्तरा लावत नाही. बाप गेला तरच मिशी उतरते. गल्लीतून येताना चार म्हाताऱ्यांनी घाबरून विचारलं, “कोन गेलं रं?” योगीराज हसत घरात आला. तेव्हा दगडोबाला दिसत होतं. त्यानं पोराच्या ओठाकडं बघितलं, पुढ्यातलं ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, “म्या हाय ना आजून?”

एवढंच. मिशी पुन्हा भरेपर्यंत तो पोराशी बोलला नाही. उभ्या आयुष्यात ‘मी तुझा बाप’ असं त्यानं तेवढंच काय ते म्हटलं. योगीराज आता चाळिशीचा झाला, ईटला त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, आणि मिशी अशी झुपकेदार की गिऱ्हाईक आधी मिशी बघतं, मग मोटार दाखवतं.

फ्लेक्स लागला त्याच दिवशी दुपारी गोरोबा भावकीतल्या दोघांना घेऊन दारात हजर झाला. तोच तो, मान हलवणारा. आता दात पडलेत, पण निर्लज्जपणा जागच्या जागी.

“वहिनी, बऱ्या हाव ना?” त्यानं सुरुवात केली.

“कुनाची वहिनी?” मथुराबाई म्हणाली. “वहिनी म्हनायला जबान बरी वळली आज.”

“झालं गेलं जाऊ द्या. भाऊ गेला. त्याला दोन पोरी, पोरगा न्हाय. दहाव्याला पुढारी येनार, चार गावची मानसं येनार, आन् डोकं भादरायला पोटचं पोरगं न्हाय म्हणल्यावर बेइज्जती व्हती खानदानाची. योगीराजनं बसावं. शेवटी रगत त्याचंच हाय. आन् तुमीबी या. पहिल्या हाव तुमी.”

मथुराबाईच्या कपाळावर दगडोबाच्या नावाचं ठसठशीत कुंकू होतं आणि या माणसाला ते दिसत नव्हतं! ती ताडकन उठली.

“रगत त्याचं? आन् पारावर कुनाचं हुतं? इतकी वर्षं गावभर जाळवाल्याचं म्हनून हिंडलात. आज मढ्याला पोरगं कमी पडलं तर बलभीमचं झालं व्हय? थू तुमच्या तोंडावर!”

गोरोबानं तोंड पुसल्यासारखं केलं आणि शांतपणे चहाची वाट बघत बसला. चहा आला नाही.

वाईट एवढंच की योगीराजनं नाही म्हटलं नाही. दवाखान्यात असताना बलभीमनं त्याला बोलावून घेतलं होतं. हात धरून म्हणाला होता, “नाक माझ्यावर गेलंय तुजं. मला आग्नी तूच दे.” आग्नीला योगीराज गेला नव्हता, तो गोरोबानंच दिला. पण ते नाकाचं त्याच्या मनात अडकून बसलं. लहानपणापासून ज्याला पोरं ‘तुझा बाप कंचा?’ म्हणून चिडवायची, त्याला उत्तर मिळालं होतं. मथुराबाईला हे कळत होतं आणि कळत होतं म्हणूनच जास्त शिसारी येत होती. नाक ओळखायला मरणाची घटका लागते माणसाला!

“माय, मेलेला मानूस हाय,” योगीराज म्हणाला. “केसच तर मागतेत.”

“केस न्हाय मागत. मिशी मागतेत. ह्यो बसलाय ना ओसरीवर, त्याच्या जिवंतपनी.”

बाजेवरून दगडोबाच म्हणाला, “जाऊ दे त्याला. जल्म दिलाय त्यानं. त्ये काय खोटं हाय का?” आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. ऊन उतरलं तरी उठला नाही. मथुराबाईनं दोनदा हाक मारली तेव्हा म्हणाला, भूक नाही.

दहाव्याला सकाळीच योगीराज मोटारसायकल काढून ओढ्याकडं गेला. मथुराबाई जाणार नव्हतीच. पण भांडी घासता घासता तिला राहवेना. तिनं अर्पिताला सोबत घेतलं आणि निघाली. पोराच्या ओठाला वस्तरा लागायच्या आत त्याच्या हाताला धरून उठवायचं, गाव बघत असलं तर बघू दे, असं ठरवून निघाली.

ओढ्याकाठी मांडव, खुर्च्या, माईक. कीर्तन संपून भाषणं सुरू झालेली. पांढऱ्या कपड्यातला कुणी पुढारी सांगत होता, “ते माझेच नव्हे, तुम्हा सर्वांचे वडील होते.” लोक माना डोलवत होते. यांच्या मानांना दुसरं काही येतच नाही. पुढं पिंड मांडलेले, आणि बलभीमला आवडायचे म्हणून त्यावर पेढे. वास इथपर्यंत येत होता. मथुराबाईनं पदर नाकाला लावला.

कडेला बायकांत बलभीमच्या दोन्ही पोरी बसल्या होत्या. थोरली छाती पिटून रडत होती. “बाबा, आता मला उसाचं पेरं कोन धाडंल?” दर संक्रांतीला तो म्हणे पोरींच्या घरी स्वतः ऊस घेऊन जायचा. रडणं खोटं नव्हतं. मथुराबाई बघतच राहिली. म्हणजे बाप होता येत होतं मेल्याला! येत होतं आणि केलं नाही. तिला वाटत होतं, त्याच्यात ते नव्हतंच. ते असून दिलं नाही, हे तिला आज कळलं आणि आजवरच्या सगळ्या किळसेपेक्षा ही मोठी निघाली. डोकं भादरायला त्या पोरींना मात्र कुणी विचारलंही नव्हतं.

योगीराज पाण्याजवळ दगडावर बसला होता, उघडा, मान खाली. गर्दीतून वाट काढेपर्यंत त्याचं डोकं तुळतुळीत झालं होतं. सलूनवाल्यानं वाटीत बोटं बुडवली आणि पाणी त्याच्या ओठावर लावलं. मथुराबाई गर्दीला कोपरं मारत पुढं घुसली.

योगीराजनं सलूनवाल्याचं मनगट धरलं.

“डोकं झालं. बास.”

“आन् मिशी?” गोरोबा वाकून म्हणाला.

“मिशी न्हाय. आन्ना हाईत.”

माईकवरचा पुढारी थांबला. गोरोबाचं तोंड कसनुसं झालं. “आरं, असं आर्धवट चालत न्हाय. कावळा शिवायचा न्हाय अशानं.”

“बाप आर्धाच हुता, काका,” योगीराज उठत म्हणाला. “पुरं कुठून दिऊ?”

त्यानं अंगावर पाणी घेतलं, टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि गर्दीकडं न बघता चालायला लागला. मागं कुजबुज, कुणी हसलं, कुणी शिव्या घातल्या. आणि गंमत बघा, तेवढ्यात कावळा आला. आला तो सरळ पेढ्यावरच झडपला. भावकीला हायसं वाटलं. पुढारी माईकवर म्हणाला, आत्मा तृप्त झाला.

“तृप्त कशाचा!” मथुराबाई अर्पिताला म्हणाली. “कावळ्याला पेढा दिसला. त्याला काय, बाप कोन हे इचारायचं नसतं.” आणि ती तोंड वळवून ओढ्यात थुंकली.

ती घरी पोचली तेव्हा योगीराज अंगणात उभा होता, आत पाऊल टाकत नव्हता. दगडोबा बाजेवर पाठमोरा बसला होता, सकाळपासून तसाच. पावलं ओळखली असणारच, पण वळला नाही.

“आबा, बघा तरी,” अर्पिता म्हणाली.

“काय बघू बाळा. दिसतंय कुठं मला.”

योगीराज पुढं जाऊन त्याच्यासमोर उकिडवा बसला. म्हाताऱ्याचा हात त्यानं धरून आपल्या डोक्यावर ठेवला. भट्टीत भाजलेले ते तळवे अजून खरखरीत आहेत. हात टकलावरून फिरला, दगडोबानं हात काढून घ्यायला बघितलं. योगीराजनं तो सोडला नाही. कपाळावरून, नाकावरून, त्या नाकावरून, खाली आणला.

बोटं मिशीत अडकली.

दगडोबानं मिशी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपली, पुन्हा चाचपली. मथुराबाईला अजूनही वाटत होतं, डोक्यावरचा एक केससुद्धा त्या माणसाला द्यायला नको होता.

“लई वाढलीया,” दगडोबा दरडावून म्हणाला. “तोंडात जाती जेवताना. उद्या नीट कातरून घे.”

“व्हय, आन्ना.”

“आन् भाकरी टाक म्हनावं तुझ्या मायला. सकाळपून काय खाल्लं न्हाय म्या.”